भाणार, भानारा, भंडारा

भंडाऱ्यात नावाचा अर्थ विचारला तर उत्तर मिळत नाही असे होत नाही. कुणी धानाकडे बोट दाखवतो. वैनगंगेचे पाणी, पावलोपावली तलाव, बांधाबांधाने हिरव्या झालेल्या बांध्या. एवढे धान्य साठते ते भांडार, म्हणून भंडारा. कुणी पितळेची आठवण करून देतो. इथल्या कारागिरांची पितळी भांडी दूरवर जात, गावाला पितळनगरी म्हणत. 'भाणे' म्हणजे जेवायचे ताट, भाणी घडवणाऱ्यांचे गाव ते भंडारा. तिसरा सांगतो की इथे राजाचा खजिना होता, तो भांडारात ठेवत.

तिन्ही उत्तरे ऐकताक्षणी पटतात. पण एका नावाचा उगम तीन ठिकाणी असू शकत नाही. निदान दोन उत्तरे चुकीची असणार, कदाचित तिन्ही. अशा पटणाऱ्या पण सिद्ध न झालेल्या उत्तरांसाठी भाषेच्या अभ्यासात एक शब्द आहे: लोकव्युत्पत्ती. त्या शब्दाला जन्मवर्ष आहे, जन्मदाता आहे. आणि एका गावाच्या नावाची गोष्ट शेवटपर्यंत पाहिली, तर त्या शब्दालाही तपासून घ्यावे लागते.

शब्दाचा जन्म

१८५२ साली जर्मनीत तौलनिक भाषाभ्यासाचे एक नवे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच खंडात एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या तरुण अभ्यासकाचा जर्मन लोकव्युत्पत्तीवरचा लेख आला. 'फोल्क्सएटिमोलोगी' हा शब्द तिथून चालू झाला. फोल्क म्हणजे लोक, एटिमोलोगी म्हणजे व्युत्पत्ती. इंग्रजीत त्याचे भाषांतर रुळले आणि १८८२ साली अब्राम स्माइद पामर यांनी अशा शब्दांचा एक कोशच छापला. मराठीतला 'लोकव्युत्पत्ती' हा त्याच घराण्यातला शब्द.

फ्योर्स्टेमान पेशाने ग्रंथपाल. पुढे त्यांनी जुन्या जर्मन व्यक्तिनामांचा आणि ग्रामनामांचा मोठा कोश केला. उतारवयात ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातली माया लोकांची चित्रलिपीतली पोथी हाती घेऊन तिच्यातली कालगणना उलगडली. ज्या खुणांचा अर्थ कुणालाच लागत नव्हता, तिथे त्यांनी मोजून, ताडून अर्थ लावला. त्यामुळे ऐकायला बरा वाटणारा अर्थ आणि पुराव्याने लागणारा अर्थ यांतला फरक या माणसाला लवकर दिसला, याचे नवल वाटत नाही.

त्यांना दिसलेली गोष्ट आपल्याही घरातली आहे. माणसाला निरर्थक शब्द सहन होत नाही. परका किंवा जुना झालेला शब्द कानावर पडला की तो त्यात ओळखीचा तुकडा शोधतो, आणि कधी कधी त्या तुकड्याच्या मापाने शब्दच कापून शिवतो. 'लँटर्न' आपल्याकडे आला आणि 'लालटेन' झाला. दिव्याच्या उजेडाला 'लाल' शोभून दिसला. हा झाला पहिला प्रकार, यात शब्दाचे रूप बदलते. दुसऱ्या प्रकारात रूप तेच राहते, त्याच्याभोवती गोष्ट उभी राहते. 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीजांनी 'चांगला उपसागर' या अर्थाने ठेवले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पण पोर्तुगीज भाषेत उपसागराचा शब्द 'बाइआ' स्त्रीलिंगी आणि 'बॉम' हे विशेषण पुल्लिंगी. पोर्तुगीज माणूस आपल्याच भाषेत असे लिंग चुकवणार नाही. मुंबादेवीची मुंबई आधीपासून होती. परक्यांच्या तोंडी तिचे रूप बदलले आणि मग त्या बदललेल्या रूपाला अर्थ चिकटवला गेला.

आपल्याकडची सावधगिरी

शब्द जर्मनीतून आला, तरी शंका आपल्याकडे जुनी आहे. यास्काचार्यांच्या 'निरुक्ता'त वैदिक शब्दांची निर्वचने आहेत, आणि त्यांचा आग्रह असा की निर्वचन सोडून देऊ नये. एखाद्या अक्षराचे साम्य सापडले तरी त्याच्या आधाराने अर्थापर्यंत पोचावे. एकाच शब्दाची दोन-तीन निर्वचने ते शेजारी शेजारी ठेवतात. आजच्या कसोटीने त्यातली अनेक चुकीची ठरतील. पण यास्कांना मंत्रातल्या शब्दाचा आशय उघडायचा होता, शब्दाचा प्रवास सांगायचा नव्हता. त्यांच्या निर्वचनाला इतिहास समजणे ही आपली चूक होईल.

नंतरच्या शास्त्रकारांनी हा धोका नेमका हेरला. त्यांचे आवडते उदाहरण 'मंडप'. मंड म्हणजे भाताची पेज, प म्हणजे पिणारा. अक्षरे फोडली तर मंडप म्हणजे पेज पिणारा. लग्नाचा मांडव पेज पितो असे कुणी म्हणत नाही. म्हणून शब्दांची त्यांनी विभागणी केली: अवयवांतून ज्याचा अर्थ निघतो तो यौगिक, लोकांच्या वापराने ज्याचा अर्थ ठरतो तो रूढ. अवयव जुळतात म्हणून अर्थ तोच, असे मानू नये, हा त्यांचा धडा. न्यायशास्त्रात तर सदोष कारणाला स्वतंत्र नावच आहे, हेत्वाभास. हेतू असल्याचा भास. भांडारावरून भंडारा म्हणताना आपण कारण देतो की कारणाचा भास निर्माण करतो, हे याच कसोटीवर पाहायचे.

ध्वनिबदलाचे नियम आपल्या भाषांना व्यवस्थित लावून दाखवण्याचे काम रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानमालेत केले. संस्कृतातला सप्त प्राकृतात सत्त होतो आणि मराठीत सात. हस्त, हत्थ, हात. अक्षर हवे तसे बदलत नाही, वाट ठरलेली असते. या नियमांनी व्युत्पत्तीला शिस्त लागली. भांडारकरांचे आडनाव ऐकून त्यांना भंडाऱ्याचे समजण्याचा मोह कुणाला होईल. त्यांचा जन्म मालवणचा.

रतनपूरचा शिलालेख

आता नावाकडे येऊ. नावाचा पहिला ठाम पुरावा भंडाऱ्यात सापडलेला नाही. तो सापडला छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या रतनपुरात, तिथल्या कलचुरी राजांच्या राजधानीत. राजा पहिला जाजल्लदेव याचा हा संस्कृत शिलालेख. त्यावर कलचुरी संवत ८६६ हे वर्ष आहे. ते जुळवले की ८ नोव्हेंबर १११४ ही तारीख येते. कोणकोणत्या मंडलांचे अधिपती या राजाला दरवर्षी नजराणा पाठवत, याची यादी त्यात आहे. त्या यादीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे लागोपाठ येतात.

वैरागर म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड. लांजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यातली लांजी. या दोघांच्या शेजारचे भाणार म्हणजे आजचा भंडारा, असे अभ्यासकांनी ठरवले, आणि नकाशा समोर ठेवला की ते पटते. शेजारही किती टिकाऊ! इंग्रज अमलाच्या सुरुवातीला या भागाचा कारभार लांजीहून चाले, आणि १८२०-२१ च्या सुमारास भंडारा जिल्ह्याचे ठाणे झाले. शिलालेखात शेजारी बसलेली दोन नावे सातशे वर्षांनी कारभाराच्या दप्तरातही शेजारीच होती.

लेख वाचून छापला फ्रान्झ कीलहॉर्न यांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृत शिकवून जर्मनीला परतलेले, पतंजलीच्या महाभाष्याची संशोधित आवृत्ती करणारे हे पंडित. 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्यांचे वाचन आले. पुढे नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे सगळे लेख एकत्र करून १९५५ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात जाजल्लदेवाचा हा लेख पुन्हा तपासून घेतला.

शिलालेखात 'भाणार' आहे. त्यात 'ड' नाही. या एका अक्षराच्या अभावावर पुढचा सगळा विचार उभा आहे. लेख रचणारा कवी संस्कृत जाणणारा. भाण्डागार हा त्याच्या रोजच्या वापरातला शब्द. गावाचे नाव भांडार असे कानावर आले असते, तर त्याने ते सहज शुद्ध करून छंदात बसवले असते. त्याने तसे केले नाही. त्याच्या कानी पडले ते भाणार, आणि त्याने तेच कोरवले.

गॅझेटियरचे एक वाक्य

आठ शतकांनी, १९०८ साली, भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. आर. व्ही. रसेल त्याचे संपादक. त्यात म्हटले आहे की भंडारा हे 'भानारा' या नावाचे बिघडलेले रूप आहे आणि लोक अजूनही गावाला भानारा म्हणतात. आधाराला रतनपूरचा लेख दिला आहे.

या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक नोंद आणि एक निष्कर्ष. नोंद सोन्यासारखी आहे: लोक भानारा म्हणतात. शिलालेखातल्या 'भाणार'चा आणि त्या उच्चाराचा संबंध झाडीबोली ऐकणाऱ्याला लगेच कळेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतल्या बोलीत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' चा 'र' होतो. पाण्याला पानी, डोळ्याला डोरा. त्याच चालीने भाणाराचे भानारा. म्हणजे बाराव्या शतकात कोरलेले नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या जिभेवर जिवंत होते, बोलीने केला तेवढाच बदल घेऊन.

निष्कर्ष मात्र तपासायला हवा. भंडारा हे 'बिघडलेले' रूप म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, आधी सगळे भानारा म्हणत, मग अलीकडे कुणी कारकुनाने किंवा साहेबाने ते बिघडवले. ही झाली नवी दंतकथा. महानुभावांच्या ग्रंथांत चक्रधरस्वामींच्या सहवासातले एक नाव येते, निळभट्ट भांडारेकार. गावावरून पडलेले हे नाव भंडाऱ्याचेच मानतात. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. मूळ प्रती गेल्या, ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा राहिला, हाती आहेत त्या पोथ्या नंतरच्या. हे सारे धरूनही 'ड' असलेले रूप इंग्रजांच्या कितीतरी आधीचे आहे. कारकुनावरचा आरोप टिकत नाही.

मग चित्र असे दिसते. एक रूप लिहिणाऱ्यांचे, एक बोलणाऱ्यांचे. दोन्ही शेकडो वर्षे एकाच गावात नांदली. पोथीत, कागदपत्रात, नकाशात भंडारा. बाजारात, बांधीवर, बैलगाडीत भानारा. एक शुद्ध आणि दुसरे भ्रष्ट असे हे नाते नाही. पतंजलीने म्हटले होते की एकेका शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात, आणि गाईच्या एका शब्दाची चार लोकरूपे त्याने मोजून दाखवली होती. ती रूपे मोजली म्हणूनच त्या काळी लोक काय बोलत, ते आज आपल्याला कळते.

तिन्ही उत्तरांची परीक्षा

आता सुरुवातीची तिन्ही उत्तरे पुराव्यासमोर उभी करू.

खजिन्याचे उत्तर. जिल्ह्याचे ठाणे, कचेरी, कोषागार हे सगळे १८२०-२१ नंतरचे. नाव १११४ चे. त्या खजिन्यामुळे हे नाव पडणे शक्य नाही. त्याहून जुना एखादा खजिना होता म्हणावे, तर तो या नावावरूनच कल्पावा लागतो. नावावरून खजिना आणि खजिन्यावरून नाव, हे फिरते चक्र झाले.

धानाच्या भांडाराचे उत्तर. भाण्डागार या संस्कृत शब्दापासून भांडार हा शब्द सरळ येतो. पण भांडारातला 'ड' गळून भाणार व्हावे आणि तेही १११४ च्या आत, याला त्या काळचा दुसरा दाखला हवा. नासिक्यानंतरचा 'ड' बोलण्यात विरघळणे अशक्य नाही, म्हणून हे दार पूर्ण बंद करता येत नाही. पण ते उघडे आहे असेही म्हणता येत नाही. उलट दिशेचा विचार मला अधिक जवळचा वाटतो. आधी भाणार हे नाव. त्याचा अर्थ लोप पावलेला. लिहिणाऱ्याला त्यात भांडार ऐकू आले आणि त्याने 'ड' घातला. वानराचे वांदर होताना 'न' आणि 'र' जवळ येऊन मध्ये 'द' आपोआप उमटतो. पण भाणार या शब्दात 'ण' आणि 'र' यांच्यामध्ये ठसठशीत 'आ' आहे, तो त्यांना जवळ येऊ देत नाही. म्हणजे हा 'ड' तोंडाच्या सोयीसाठी आला असे म्हणणे अवघड. ओळखीच्या शब्दाच्या ओढीने आला असणे अधिक संभवते. लालटेनमधल्या 'लाल'सारखा.

पितळेच्या ताटाचे उत्तर. हे ध्वनीच्या दृष्टीने सगळ्यात बळकट. संस्कृत भाजन, प्राकृत भायण, मराठी भाणे; नियमाची वाट चोख आहे, आणि 'ड' ची गरजच नाही. भाणार आणि भाणे कानाला सख्खी भावंडे वाटतात. पण शब्द जुळला म्हणून इतिहास जुळत नाही. त्यासाठी बाराव्या शतकाच्या आधी इथे भांडी घडवणाऱ्यांची एवढी मोठी वस्ती होती की मंडलाला तिचे नाव पडले, असे दाखवावे लागेल. तो पुरावा समोर येईपर्यंत हे उत्तर शक्यतेच्या रांगेत राहील. मंडपाने पेज प्यायची नसेल, तर भंडाऱ्यानेही ताटासाठी थांबले पाहिजे.

चौथा मोहही आहे, आणि तो अभ्यासकांचा. भंडारा जिल्ह्यातले पवनी हे फार जुने नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूप उजेडात आला. पवनीलाच भगदत्त नावाच्या राजाचा एक प्राचीन शिलालेख मिळाला. तो राजा स्वतःला 'भार' म्हणवतो. भार, भाणार, भंडारा. हात शिवशिवतात. पण 'भार' मधून मधला 'णा' कसा आला हे सांगितल्याशिवाय ही साखळी जोडता येत नाही.

चूक कोणाची

इथे 'लोकव्युत्पत्ती' या शब्दातला 'लोक' मला खटकू लागतो. त्या शब्दात एक गृहीत आहे: चुका अडाणी लोक करतात आणि पंडित त्या दुरुस्त करतात. इतिहास तसे सांगत नाही. पुण्याचे नाव राष्ट्रकूटांच्या इसवी सन ७५८ च्या ताम्रपटात 'पुण्य विषय' असे येते आणि ७६८ च्या ताम्रपटात 'पूनक विषय' असे. दहा वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशाची दोन रूपे. 'पुण्य' हे संस्कृत जाणणाऱ्याने लोकांच्या नावाला घातलेले सोवळे असेल, अशी शंका रास्त आहे. आपल्या जवळच वर्धा जिल्ह्यात पवनार आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मिराशींसारख्या थोर अभ्यासकाने मांडले. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झाले, तिथे प्रवरेश्वराचा उल्लेख असलेली मुद्रा मिळाली, आणि वाद पुन्हा पेटला. मिराशींचा अधिकार याने कमी होत नाही. नावांचे साम्य हा आरंभ असतो, निकाल नव्हे, एवढेच दिसते. आणि पुरावा आला की मोठ्या माणसाचे मतही पुन्हा तपासायचे असते.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ग्रामनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवले. त्यांच्याही काही व्युत्पत्ती पुढे टिकल्या नाहीत. पण गावाचे नाव हा एक दस्तऐवज आहे, हे त्यांचे म्हणणे टिकले. दस्तऐवज वाचताना तारीख, नियम आणि परिसर हे तिन्ही साक्षीदार बोलावायचे असतात.

आणि चुकलेली उत्तरेही फेकून द्यायची नाहीत. धान, पितळ, खजिना ही उत्तरे नावाचा उगम सांगत नसतील, पण गावाने स्वतःला कशावरून ओळखले ते सांगतात. धानाच्या पट्ट्यातल्या माणसाने नावात कोठार ऐकले. हातोडी हातात घेऊन पितळ घडवणाऱ्याने त्याच नावात आपले ताट ऐकले. जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर कचेरीत येणाऱ्याने खजिना ऐकला. नाव एकच, ऐकणाऱ्याचे जगणे वेगळे. नावाच्या व्युत्पत्तीच्या वहीत यांना जागा नसली, तरी गावाच्या इतिहासाच्या वहीत ती मानाची आहे.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, भंडाऱ्याची सीमा आखडली, पाट्यांवरचे नाव तेच राहिले. त्या नावाचा मूळ अर्थ आज खात्रीने सांगता येत नाही. पण एक गोष्ट खात्रीने सांगता येते. ज्यांच्या नावाने 'लोकव्युत्पत्ती' हा चुकीचा शिक्का बनला, त्या लोकांनी अर्थ चुकीचा सांगितला असेल. उच्चार मात्र त्यांनी सांभाळला. लिहिणाऱ्यांच्या हातून नावात 'ड' आला असावा आणि पक्का झाला. रतनपूरच्या दगडावर कोरलेला भाणार कधीही न पाहिलेल्या, न वाचलेल्या माणसांनी तो आठशे वर्षे जिभेवर वाहून आणला आणि १९०८ साली नोंद घेणाऱ्याच्या कानात घातला. गॅझेटियरमधले तेवढे अर्धे वाक्य नसते, तर दगडावरचे नाव आणि गावाचे नाव जोडणारी सर्वांत बळकट साक्ष आपल्या हाती नसती. म्हणून झाडीपट्टीत कुणी म्हातारी अजून भानारा म्हणाली, तर तिला दुरुस्त करू नये. तिच्या जिभेवर १११४ साल आहे.